आवाज कुणाचा, नाव कुणाचे?

विलायती पॉप आणि रॉक संगीत हा या महिन्याच्या प्रश्नमंजूषेचा विषय आहे, असे म्हणताच आमच्या वाचकवर्गात सरळ दोन तट पडतील, याची आम्हांला कल्पना आहे. 'हा निव्वळ गोंगाट' म्हणून पान उलटू पाहणारी वडीलधारी मंडळी एका बाजूला, आणि 'यातले आम्हांला सगळे ठाऊक आहे' म्हणून बाह्या सरसावणारी तरुण मंडळी दुसऱ्या बाजूला. दोन्ही पक्षांना विनंती की, क्षणभर थांबावे. बीटल्समध्ये किती जण होते, एल्विस प्रेस्ली कोणत्या देशाचा, असले घोटून पाठ झालेले प्रश्न येथे नाहीत. येथली गाणी आडवाटेची आहेत. काही गाजलेली असली, तरी त्यांच्या मागची हकीकत आडवाटेची आहे. आणि या साऱ्या प्रश्नांतून एकच सूत्र ओवलेले आहे : गाणे जगभर पोहोचले, पण ज्याच्या गळ्यातून वा बोटांतून ते आले, त्याचे नाव कोठे गेले?

या प्रश्नाशी आपला परिचय जुना आहे. १९४९ साली 'महल' चित्रपटातील 'आएगा आनेवाला' हे गीत घराघरांत पोहोचले, तेव्हा त्याच्या तबकडीवर गायिकेचे म्हणून नाव छापले होते 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातील नायिकेच्या भूमिकेचे नाव! आवाज होता इंदूरला जन्मलेल्या लता मंगेशकर यांचा. आकाशवाणीवर गाणे वाजू लागले, श्रोत्यांनी पत्रे लिहून ही गाणारी कोण असे विचारले, तेव्हा कोठे खरे नाव सांगितले गेले. श्रोत्यांनी विचारले, म्हणून उत्तर मिळाले. सात समुद्रांपलीकडच्या संगीतसृष्टीत असे विचारणारे किती होते, ते आता पाहू.

नियम सोपे आहेत. घरातील एकाने प्रश्न मोठ्याने वाचावेत, बाकीच्यांनी आपापल्या कागदावर उत्तरे लिहावीत. प्रश्न दहा, प्रत्येकाचे दोन भाग, प्रत्येक भागास एक गुण. शेवटी दोन गुणांचा एक जादा प्रश्न. उत्तरे खालीच दिली आहेत. तेव्हा पर्यवेक्षकाचे काम ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकबुद्धीकडे!

प्रश्न

१. १९३९ साली जोहान्सबर्ग येथे एका झुलू गायकाने आपल्या साथीदारांसह एक गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'सिंह'. अमेरिकेत नवे शब्द लेवून ते १९६१ साली लोकप्रियतेच्या यादीत पहिले आले, आणि १९९४ सालच्या 'द लायन किंग' या कार्टूनपटामुळे जगभरच्या मुलांच्या ओठी बसले. (अ) मूळ गायक कोण? (आ) गाण्याच्या हक्कांपोटी त्याच्या हाती किती रक्कम पडली?

२. १९६२ साली अमेरिकेत 'ही इज अ रेबेल' हे गाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तबकडीवर नाव होते 'द क्रिस्टल्स' या तरुणींच्या संचाचे. त्यांपैकी एकीचाही आवाज त्यात नव्हता. (अ) मग मुख्य आवाज कुणाचा? (आ) ही करामत करणारा निर्माता कोण?

३. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बी. बी. सी. दूरचित्रवाणीवर 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथा मालिका सुरू झाली. तिचे शीर्षकसंगीत ऐकताना हे कोणते वाद्य, असा प्रश्न पडे. कारण रूढ अर्थाने वादक तेथे कोणीच नव्हता. (अ) स्वरलिपीतील त्या सुरावटीला नादरूप देणारी स्त्री कोण? (आ) या कामाचे श्रेय तिला पडद्यावर प्रथम कोणत्या साली मिळाले?

४. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या १९६६ सालच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर एका भारतीय वादकाचे नाव छापलेले आहे, आणि त्याचे आडनाव आपल्या कानांना चांगलेच ओळखीचे आहे. (अ) तो कोण? (आ) त्याने कोणते वाद्य वाजवले?

५. १९६७ साली इंग्लंडमध्ये 'प्रोकॉल हारम' या संचाचे पहिलेच गाणे सलग सहा आठवडे अग्रस्थानी राहिले. गाण्याआधीच ऑर्गनचे जे सूर येतात, ते बाखच्या संगीताची आठवण करून देतात. (अ) तो ऑर्गनवादक कोण? (आ) त्या सुरांच्या कर्तृत्वाचा वाद न्यायालयात अखेर कोणत्या वर्षी मिटला?

६. १९६९ साली 'शुगर, शुगर' या गाण्याने इंग्लंडमध्ये आठ आठवडे पहिले स्थान सोडले नाही. तरीही ते गाणाऱ्या संचाला कोणी रंगमंचावर पाहिले नाही, आणि पाहणे शक्यही नव्हते. (अ) त्या संचाचे नाव काय? (आ) खरा गायक कोण?

७. त्याच वर्षी अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातील फ्रीमाँट या खेड्यातील तीन बहिणींनी 'फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड' नावाची ध्वनिमुद्रिका काढली. संगीताच्या इतिहासात तिच्याइतकी बेसूर आणि तिच्याइतकी जिव्हाळ्याने जपलेली ध्वनिमुद्रिका क्वचितच सापडेल. (अ) बहिणींच्या संचाचे नाव काय? (आ) या मुली गाण्यात नाव काढतील, हे भाकीत कुणी व कशावरून केले होते?

८. पुन्हा १९६९ सालच. एका गाण्याच्या मागल्या बाजूस भर म्हणून टाकलेल्या वादनात मध्येच सगळी वाद्ये थांबतात आणि केवळ ड्रम वाजतो. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. (अ) तो ड्रमवादक कोण? (आ) तो तुकडा साधारण किती सेकंदांचा आहे?

९. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या १९७३ सालच्या ध्वनिमुद्रिकेत एक गाणे असे आहे की, ज्यात गायिका आहे, पण गीताचा एक शब्दही नाही. (अ) ती गायिका कोण? (आ) तिला किती मानधन मिळाले?

१०. 'बोनी एम'च्या कॅसेटी आपल्याकडे कित्येक घरांत वाजल्या. त्या संचातील पुरुष नर्तक मंचावर विजेसारखा थिरके आणि गाई. (अ) तबकडीवरील तो पुरुषी आवाज वस्तुतः कुणाचा? (आ) त्याच मनुष्याने पुढे उभ्या केलेल्या कोणत्या जोडीचे ग्रॅमी पारितोषिक काढून घेण्यात आले?

जादा प्रश्न. १९९८ सालच्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिले आलेले एक गाणे मंगेशकर घराण्यातील एका पार्श्वगायिकेच्या गौरवासाठी रचलेले होते. ती गायिका कोण, आणि गाणारा संच कोणता?

उत्तरे

१. सॉलोमन लिंडा; दहा शिलिंग. लिंडा जोहान्सबर्गच्या गॅलो या ध्वनिमुद्रण कंपनीत हमालीचे काम करी. 'इव्हनिंग बर्ड्स' या आपल्या संचासह त्याने 'म्बुबे' हे गाणे गायिले, आणि अखेरच्या फेरीत आयत्या वेळी सुचलेली एक सुरावट वरच्या पट्टीत घेतली. तीच पुढे जगप्रसिद्ध झाली. ती तबकडी अमेरिकेत पीट सीगर या लोकगायकाच्या हाती पडली. झुलू शब्द नीट न कळल्याने त्याने कानांना जसे वाटले, तसे 'विमोवे' असे लिहून घेतले. पुढे इंग्रजी शब्द चढवून 'द टोकन्स' या संचाने १९६१ साली 'द लायन स्लीप्स टुनाइट' म्हणून ते गायिले. दुसऱ्याच वर्षी लिंडा दारिद्र्यात वारला. त्याच्या मुलींनी २००४ साली दावा लावला. २००६ साली तडजोड होऊन वारसांना पैसे आणि लिंडाला सहरचनाकार म्हणून मान्यता मिळाली. तोपर्यंत मूळ ध्वनिमुद्रणाला ६७ वर्षे उलटली होती.

२. डार्लीन लव्ह, फिल स्पेक्टर. हेच गाणे दुसरी एक गायिका बाजारात आणणार, अशी कुणकुण लागताच स्पेक्टरला घाई झाली. तो लॉस एंजेलिसला, तर क्रिस्टल्स न्यू यॉर्कला. त्यांची वाट न पाहता त्याने स्थानिक 'ब्लॉसम्स' या संचाकडून गाणे म्हणवून घेतले आणि तबकडीवर नाव मात्र क्रिस्टल्सचे छापले. गाणे गाजले, आणि बिचाऱ्या क्रिस्टल्सना आपण न गायिलेले आपले गाणे दौऱ्यावर तालीम करून म्हणावे लागले! डार्लीन लव्ह यांच्यावर १९८० नंतरच्या काळात लोकांच्या घरी साफसफाईची कामे करण्याची पाळी आली. अशाच एका घरी काम करीत असता रेडिओवर त्यांना स्वतःचे नाताळगीत ऐकू आले, आणि आपण पुन्हा गायचे, असे त्यांनी ठरवले. २०११ साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. मुख्य गायकाच्या मागे उभे राहून साथ देणाऱ्या गायिकांवर २०१३ साली निघालेल्या आणि ऑस्कर मिळवणाऱ्या माहितीपटात त्यांची हकीकत आली आहे.

३. डेलिया डर्बीशर, २०१३. केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेल्या या विदुषीला एका ध्वनिमुद्रण कंपनीने, आमच्या ध्वनिमुद्रणगृहात स्त्रिया नेमत नाहीत, असे सांगून परत पाठवले होते. बी. बी. सी.च्या नादप्रयोगशाळेत तिने रॉन ग्रेनर या संगीतकाराची पानभर स्वरलिपी हाती घेतली. विद्युत्‌ यंत्रांतून निघणारे ध्वनी, एका छेडलेल्या तारेचा आवाज, यांच्या ध्वनिफितीचे बोटबोटभर तुकडे कापायचे, त्यांची गती कमीजास्त करून हवा तो सूर काढायचा आणि एकेक सूर दुसऱ्याला चिकटवायचा, असा तो खटाटोप होता. तयार संगीत ऐकून ग्रेनर थक्क झाला आणि हे खरेच मी लिहिले होते काय, असे त्याने विचारले. श्रेयात तिचा वाटा असावा, असे त्याने सुचवलेही. पण संस्थेच्या नियमांत नोकरवर्गाचे नाव देण्याची सोय नव्हती. डर्बीशर २००१ साली वारली. तिच्या घराच्या माळ्यावर २६७ ध्वनिफिती सापडल्या. मालिकेच्या सुवर्णमहोत्सवी भागात तिचे नाव झळकले, ते पाहायला ती नव्हती.

४. अनिल भागवत; तबला. १९६६ सालच्या एप्रिलमध्ये लंडनमधील या तबलावादकाला निरोप आला की, संध्याकाळी जॉर्ज नावाच्या कुणाबरोबर वाजवायचे आहे. आपल्याला न्यायला रोल्स रॉइस मोटार दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हा कोठे हा जॉर्ज म्हणजे हॅरिसन, याचा उलगडा झाला! 'लव्ह यू टू' या गाण्यातील तबला त्यांचा. मात्र पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर' या ध्वनिमुद्रिकेत ज्या भारतीय वादकांनी हॅरिसनच्या गाण्याला दिलरुबा, तंबोरा आणि तबल्याची साथ केली, त्यांची नावे वेष्टनावर आली नाहीत. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही नावे शोधून काढून त्यांची ओळख जगाला झाली, ती पन्नास वर्षांनी, २०१७ साली. हॅरिसनच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९६८ च्या जानेवारीत त्याने मुंबईला येऊन 'वंडरवॉल' चित्रपटासाठी संगीत ध्वनिमुद्रित केले, त्याच्या वेष्टनावर चंद्रशेखर नारिंग्रेकर, केंकरे, शिवकुमार शर्मा अशी आपल्या वादकांची नावे छापलेली आहेत.

५. मॅथ्यू फिशर; २००९. गाणे 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल'. रचनाकार म्हणून नावे होती गायक गॅरी ब्रुकर आणि गीतकार कीथ रीड यांची. ऑर्गनच्या सुरांवाचून ते गाणे कोणाला आठवणार नाही. पण ते सूर रचणारा वादक अडतीस वर्षे गप्प राहिला आणि २००५ साली न्यायालयात गेला. पहिल्या निकालाने संगीताच्या हक्कात त्याला ४० टक्के वाटा दिला. वरच्या न्यायालयाने २००८ साली, नाव घ्या पण इतक्या उशिराने पैसे मागू नका, असे सांगितले. ३० जुलै २००९ रोजी लॉर्ड्सच्या न्यायपीठाने एकमताने वाटा परत दिला. अर्थात दावा लावल्यानंतरच्या काळापुरता. कलावंताचा हक्क केवळ काळ लोटल्याने मरत नाही, हे या निकालाने स्पष्ट झाले.

६. द आर्चीज, रॉन डँटे. आर्ची आणि त्याचे सवंगडी ही चित्रकथेतील पात्रे. त्यांच्यावर कार्टून मालिका निघाली आणि तिच्यासाठी गाणी हवी झाली. निर्माता डॉन कर्शनर याचे त्याआधी 'द मंकीज' या हाडामांसाच्या संचाशी बिनसले होते. आमची वाद्ये आम्हीच वाजवणार, असा त्या मुलांचा हट्ट होता. कागदावरच्या पात्रांकडून असल्या हट्टाचे भय नाही! 'शुगर, शुगर' हे १९६९ सालचे अमेरिकेतील सर्वांत यशस्वी गाणे ठरले. गंमत अशी की, त्याच सुमारास 'द कफ लिंक्स' या नावाने पहिल्या दहांत आलेले 'ट्रेसी' हे गाणेही डँटेनेच गायिले होते. दोन गाणी गाजली, आणि दोन्हींवर त्याचे नाव नव्हते.

७. द शॅग्ज, मुलींच्या आजीने, हात पाहून. ऑस्टिन विगिन यांच्या आईने मुलाचा हात पाहून तीन भाकिते केली होती : पिंगट केसांची बायको मिळेल, माझ्या मृत्यूनंतर तुला दोन मुलगे होतील आणि तुझ्या मुली गाण्याचा लोकप्रिय संच काढतील. पहिली दोन खरी ठरली. मग तिसरे खरे करण्यासाठी बापाने कंबर कसली. डॉट, बेटी आणि हेलन या तिघींना शाळेतून काढले, वाद्ये आणून दिली आणि रोज तालमीला बसवले. ताल एकीकडे, सूर दुसरीकडे, अशी ती ध्वनिमुद्रिका निघाली. छापलेल्या हजार प्रतींपैकी नऊशे परस्पर गडप झाल्या. गावच्या सभागृहात शनिवारी मुली वाजवीत आणि गावातली पोरे टिंगल करीत. १९७५ साली वडील वारले, आणि मुलींनी वाद्ये खाली ठेवली. १९८० साली ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली आणि चोखंदळ रसिकांनी तिला डोक्यावर घेतले. म्हणजे आजीचे तिसरे भाकीतही खरे झाले म्हणायचे. पण ते खरे व्हावे अशी इच्छा कुणाची होती, हा प्रश्न मागे उरतो. बाकीच्या हकीकतींत नाव हिरावले गेले आहे. येथे नाव मुलींचे आणि हौस बापाची.

८. ग्रेगरी कोलमन, सहा-सात सेकंद. संचाचे नाव 'द विन्स्टन्स', वादन 'आमेन, ब्रदर'. तबकडीच्या दर्शनी बाजूला सावत्र बापाच्या मायेवर रचलेले 'कलर हिम फादर' हे गाणे होते आणि त्याला ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. पुढे जुन्या तबकड्यांतील तुकडे यंत्राने उचलून त्यांवर नवे गाणे रचण्याची 'सॅम्पलिंग'ची रीत रूढ झाली आणि कोलमनच्या त्या चार आवर्तनांवर इंग्लंडमध्ये १९९० नंतर नृत्यसंगीताचे एक दालनच उभे राहिले. कोलमनला यातून कवडी मिळाली नाही. २००६ साली तो बेघर अवस्थेत वारला. २०१५ साली ते संगीत प्रेमाने ऐकणाऱ्यांनी वर्गणी काढून २४,००० पौंड जमवले आणि संचाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्या स्वाधीन केले. कायद्याने जे दिले नाही, ते श्रोत्यांनी दिले.

९. क्लेअर टॉरी, ३० पौंड. गाणे 'द ग्रेट गिग इन द स्काय'. रविवारचे काम म्हणून नेहमीच्या दराच्या दुप्पट, असा तो हिशेब होता. शब्द नकोत, स्वतःला एक वाद्य समजून गा, एवढीच काय ती कल्पना. स्वरयोजना तिची तिनेच त्या दोन-तीन तासांत केली. आपले गाणे वापरतील, असेही तिला वाटले नव्हते. दुकानात ध्वनिमुद्रिका पाहिली, तेव्हा तिला कळले. गायिका म्हणून तिचे नाव वेष्टनावर होते; रचनाकार म्हणून मात्र केवळ रिचर्ड राइट याचे. आपल्याकडच्या रसिकाला हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. बंदिश एकाची आणि आलापी दुसऱ्याची असते, तेव्हा त्या क्षणीचे संगीत कुणाचे? टॉरी २००४ साली न्यायालयात गेली. २००५ साली आपसांत मिटले आणि तेव्हापासून रचनाकार म्हणून दोघांची नावे छापली जातात.

१०. फ्रँक फारियन, मिली व्हॅनिली. जर्मनीतील या निर्मात्याने 'बोनी एम' या नावाने पहिले गाणे स्वतःच, एकट्याने गायिले. मागाहून दूरचित्रवाणीसाठी दिसायला देखणी माणसे गोळा केली. नर्तक बॉबी फॅरेल ओठ हलवी, आवाज फारियनचा असे. स्त्रियांपैकी लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट या मात्र खरोखर गात. फॅरेलचे निधन ३० डिसेंबर २०१० रोजी सेंट पीटर्सबर्गला झाले : त्याने मंचावर रंगवलेल्या रास्पुतिनचे ज्या नगरीत आणि १९१६ साली ज्या तारखेला निधन झाले, त्याच ठिकाणी, त्याच दिवशी! हाच खेळ फारियनने मिली व्हॅनिली या देखण्या जोडीबरोबर पुन्हा केला. १९९० च्या फेब्रुवारीत त्यांना ग्रॅमी मिळाले आणि नोव्हेंबरात, ते गातच नाहीत हे उघड झाल्यावर, काढून घेण्यात आले. जगाने त्या दोघा तरुणांची छी-थू केली. चार्ल्स शॉ, जॉन डेव्हिस आणि ब्रॅड हॉवेल हे खरे गायक तेव्हाही फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाहीत.

जादा प्रश्न. आशा भोसले, कॉर्नरशॉप. इंग्लंडमध्ये वाढलेल्या तजिंदर सिंग याने रचलेले 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणे १९९७ साली निघाले आणि त्याचीच नव्याने सजवलेली आवृत्ती पुढल्या वर्षी अग्रस्थानी पोहोचली. पडद्याआडून गाणाऱ्या आवाजाला सामान्य माणसाच्या आयुष्यात केवढे स्थान असते, हाच त्या गाण्याचा विषय.

आता गुणांची बेरीज करावी. अठराच्या वर गुण मिळवणाऱ्याने पुढच्या वेळी स्वतःच प्रश्न काढून घरच्यांना घालावेत. दहा ते अठरा : कान तयार आहेत, वेष्टनावरचे बारीक अक्षर वाचण्याची सवय तेवढी लावावी. दहाच्या खाली : मनाला लावून घेऊ नये. ज्यांची नावे जगापासून दडवून ठेवली गेली, ती आपल्याला ठाऊक नसावीत, यात दोष आपला कसा?

मिली व्हॅनिलीवर जग का संतापले, हा प्रश्न मात्र भारतीय वाचकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे. दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवणे, हा जर गुन्हा असेल, तर आपली सारी चित्रपटसृष्टी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहील! मधुबाला ओठ हलवी आणि लताबाई गात, हे ठाऊक असूनही आपण दोघींवर प्रेम केले. उसना आवाज ही फसवणूक नव्हेच. ज्याचा आवाज त्याचे नाव लपवले, की फसवणूक सुरू होते. 'कामिनी' हे नाव पुसून खरे नाव सांगितले गेले, तेथे ती संपली. डार्लीन लव्ह, रॉन डँटे, ब्रॅड हॉवेल यांच्या वाट्याला एवढी साधी दुरुस्ती वेळेवर आली नाही. आणि ज्यांच्या बाबतीत ती आली, त्यांतले लिंडा, कोलमन, डर्बीशर यांच्या बाबतीत ती मृत्यूनंतर आली.

परक्यांच्या अंगणातील केर पाहून झाल्यावर एक नजर आपल्या ओसरीकडेही टाकू या. बालगंधर्वांचे नाव घेताच अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी यांची आठवण काढणारे जाणकार अजून आहेत. पण जुन्या तबकड्यांवर गायकाचे नाव वाचायला मिळते, साथीदारांचे क्वचितच. आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमपत्रिका पाहाव्यात. अध्यक्षांचे नाव ठळक, प्रमुख पाहुण्यांचे त्याहून ठळक, गायिकेचे नाव छायाचित्रासह; आणि खाली 'साथीला : स्थानिक कलाकार' एवढा उल्लेख. हे स्थानिक कलाकार म्हणजे इंदूरच्या, बडोद्याच्या, बेळगावच्या, हैदराबादच्या कुठल्याशा गल्लीत वर्षानुवर्षे पेटी-तबला सांभाळणारी आपलीच माणसे असतात.

तेव्हा या महिन्याचा गृहपाठ असा. घरात जुन्या तबकड्या किंवा कॅसेटी असतील, मंडळाच्या कार्यक्रमांच्या पत्रिका जपून ठेवल्या असतील, तर त्या बाहेर काढाव्यात. पेटीवर कोण होते, तबल्यावर कोण होते, मागून सूर कुणी धरला होता, हे आजी-आजोबांना विचारावे, आणि जे नाव त्यांना आठवेल, ते त्या वेष्टनावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. ज्यांना ती नावे ठाऊक आहेत, ती मंडळी घरात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.